उभ्या माणसाचं माप

त्या माणसाची आठवण आली की माझं डोकं तापतं, आणि ते त्याच्यावर नाही. नाव विचारायचं राहूनच गेलं. भोसरीत रिक्षाचे हूड शिवायचा, एवढंच कळलं.

चिंचवडच्या घाटाखाली आम्ही होडीत उभं राहून दिवसभर जलपर्णी ओढतो. त्या होडीला घडीचं छत बसवायचं ठरलं, म्हणून तो माप घ्यायला आला. देवळात शिरावं तशा चपला काठावर काढून होडीत उतरला. टेपचं टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबलं आणि मला म्हणाला, "नीट उभा ऱ्हा भाऊ. हात वर कर."

मुकादम काठावरून ओरडला, "त्याचं काय माप घेतो? बसल्या माणसाचं घे. पाहणीला साहेब येतात, ते बसतात."

तो वर न बघता म्हणाला, "ऊन तर उभ्याला लागतंय."

छत आलं ते माझ्या उंचीचं. एकच दिवस आम्ही सावलीत काम केलं. दुसऱ्या दिवशी साहेब आले, त्यांच्या तोंडावर तिरकं ऊन पडलं. मुकादमाने छताच्या चारही उभ्या नळ्या कापायला लावल्या, त्याही आमच्याच हातून. आता उभं राहिलं की डोकं आपटतं, म्हणून छत मिटलेलंच असतं. साहेब आले की उघडायचं.

कापलेले हातभर तुकडे भंगारात टाक, म्हणून मुकादम रोज खेकसतो. मी टाकत नाही. साहेब बसतात तिथेच, त्यांच्या बुटांना लागतील असे ठेवलेत.