आत्याच्या हाताला बसणारं हत्यार

मी ज्या माणसाचं सर्वांत जास्त देणं लागतो, ती माझी आत्या. वडिलांची थोरली बहीण. गेवराईच्या पुढे गोदावरीच्या काठावर तिचा मळा आहे आणि मामा, म्हणजे तिचे यजमान, गेल्यापासून ती तिथं एकटी राहते. माझे आई-वडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे आणि उन्हाळ्यात परत यायचे. आमच्या वस्तीवरची बहुतेक पोरं आई-बापाबरोबर गाडीत बसायची आणि त्यांची शाळा तिथंच सुटायची. मला आत्यानं ठेवून घेतलं. पहिलीपासून बारावीपर्यंत मी तिच्या मळ्यातून शाळेत गेलो. मी पाटीवर अक्षरं गिरवायचो तेव्हा ती चुलीपुढं बसून राखेत बोटानं तीच अक्षरं काढायची. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, हे खरं. पण माझ्याबरोबर वाचायला शिकलेली पहिली बाई ती आहे, आणि हे सांगताना मला पदवीपेक्षा जास्त बरं वाटतं.

आता मी परळीला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. खिडकीत रोज सकाळी वीज केंद्राची राख पुसतो आणि रविवारी मळ्यात जातो. अशाच एका रविवारी मला कळलं की आत्याच्या वाटेचा घोटाळा झाला आहे.

मळ्याच्या कडेनं नदीत उतरणारी बैलगाडीची वाट आहे. ती आत्याच्या सातबाऱ्यातली आहे. वाळूचे ट्रॅक्टर तिच्यातून जायला लागले. आत्यानं वाटेत दगड मांडले, ते कुणीतरी उचलून बाजूला टाकले. पुन्हा मांडले, पुन्हा गेले. मग एका दुपारी दोन माणसं मोटारसायकलवर आली, ओसरीवर बसून पाणी प्याली आणि जाताना म्हणाली की बाईमाणसानं नदीकाठी एकटं राहणं बरं नाही. आत्यानं तांब्या घासून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात तक्रार दिली. त्या तक्रारीच्या आधारावरच तिनं शस्त्र परवान्यासाठी अर्ज केला. अर्ज मी लिहिला, सही तिनं केली. चौकशी झाली, प्रशिक्षण झालं, पोलिसांची रायफल वाळूच्या पोत्यावर टेकवून तिनं नेमही धरला. परवाना यायला वर्ष लागलं. त्यावर तिच्या नावाखाली तिचा पत्ता होता: मळा, गोदाकाठ. एक रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल, एवढंच लिहिलेलं. ते आता ठरलेल्या मुदतीत घ्यायचं होतं.

इथून खरी गोष्ट सुरू झाली, कारण आत्याचे दीर मध्ये आले. त्यांना मी काका म्हणतो. गेवराईत त्यांचं खताचं आणि बियाण्याचं दुकान आहे, आणि थोरले भाऊ गेल्यावर घरातला शब्द त्यांचा. काका वाईट माणूस नाहीत. पण वाट करार करून ट्रॅक्टरवाल्यांना देऊन टाकावी, वहिनींनी गेवराईत येऊन राहावं आणि सगळ्यांनी सुखानं झोपावं, असं त्यांचं मत होतं. परवाना आल्यावर त्यांनी सगळ्यांना बसवलं. आत्याची मुलगी पुण्याहून फोनवर होती आणि तिला रडूच आवरत नव्हतं. काका म्हणाले, "वहिनी, हत्यार घ्या. तुमाला चालवता आलं तर राहा मळ्यात, मी पुन्हा तोंड उघडणार न्हाई. चालवता न्हाई आलं तर दिवाळीला सामान गाडीत."

आत्या म्हणाली, "ठरलं."

काकांचा भरवसा तिच्या उजव्या हातावर होता. काही वर्षांपूर्वी कडबा कुट्टीच्या यंत्रात त्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं सापडली होती. बोटं वाचली, पण कडक झाली. सुईत दोरा ओवायला आजही ती मला हाक मारते.

आपल्याकडे हत्याराचा बाजार कसा आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं. विलायती पिस्तुलं बाहेरून आणून विकणं माझ्या जन्माच्याही आधी बंद झालं. जी त्याआधी देशात आली, तीच या हातातून त्या हातात फिरत आहेत, आणि दर फेरीला महाग होत आहेत. आमच्या जिल्ह्यात लग्नाच्या मांडवात कमरेला असं एखादं असलं की माणसाला पुढच्या रांगेतली खुर्ची मिळते. दुसरा रस्ता म्हणजे आपल्याकडच्या कारखान्यातलं नवं रिव्हॉल्वर. ते दुकानात मिळतं, पावती मिळते, बिघडलं तर परत पाठवता येतं, गोळ्याही इथंच बनतात. पण त्याला कुणी खुर्ची देत नाही.

मी नव्याच्या बाजूचा होतो. काकांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "प्राध्यापक, तू शिकलेला हायस, कबूल. पण आपल्या घरात आलं तर विलायतीच येईल. हे इथलं घेतलं तर लोक म्हणतील, काय बे, गावठी कट्टा आणला का?" वरचे पैसे ते घालणार होते. एवढे की त्यात नवा ट्रॅक्टर आला असता. वहिनींना मळ्यातून हलवायचं आणि वहिनींसाठी एवढा खर्चही करायचा, हे गणित मला त्या दिवशी सुटलं नाही.

विलायती पिस्तूल बीडमध्ये एका निवृत्त कंत्राटदाराकडे होतं. त्यांनी ते मखमलीच्या पेटीतून काढलं, रिकामं असल्याची खात्री करून दाखवली आणि आत्यासमोर ठेवलं. वस्तू सुंदर होती, नाही म्हणणार नाही. छोटी, काळी, कडा झिजून चांदीसारख्या झालेल्या. काका ते हातात घेऊन खिडकीशी गेले आणि बराच वेळ तिथंच राहिले. आत्यानं कंत्राटदारांना विचारलं की हे शेवटचं कधी उडवलं. ते हसले. म्हणाले, उडवायला गोळ्या कुठं आहेत? त्या मापाच्या गोळ्या सहसा मिळत नाहीत, जवळ आहेत त्या जपून ठेवल्यात.

म्हैस घेताना आत्या स्वतः धार काढून बघते, मगच इसार देते. ती म्हणाली, "गोळी न्हाई तर न्हाई. रिकामंच चालवून बघते."

पिस्तुलाचा वरचा भाग हातानं मागे खेचला की ते तयार होतं. आत्यानं उजव्या हातात मूठ धरली आणि डाव्यानं खेचलं. उजव्या हाताची बोटं वळेनात, पिस्तूल हातातच फिरलं. तिनं पदर खोचला आणि पुन्हा खेचलं. तो भाग अर्धा येऊन परत गेला. कंत्राटदार समजुतीनं म्हणाले की जुनी स्प्रिंग आहे, जरा कडक असते, पुरुषांना जमतं. काकांचा चेहरा दिवाळी जवळ आल्यासारखा झाला होता.

बाहेर आल्यावर काका गाडीपाशी म्हणाले की हरकत नाही, वहिनी गेवराईला आल्या की पिस्तूल त्यांच्याच नावावर राहील, फक्त दुकानातल्या कपाटात ठेवू. लागलं तर ते सांभाळतील.

आत्या गाडीत बसली होती. तिनं काच खाली केली. "भावजी, ते पिस्तूल माझ्या हातासाठी न्हाई. ते तुमच्या कमरेसाठी हाय."

ड्रायव्हर खोकला. काकांनी रस्ताभर रेडिओ ऐकला.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं संभाजीनगरला एका परवानाधारक दुकानात गेलो. दुकानदार चाचा वयस्कर, कानात अत्तराचा बोळा, बोलणं गोड. त्यांच्याकडे जुनी विलायतीही होती. काकांची नजर तिकडं गेलेली त्यांनी ओळखली आणि म्हणाले, "साहेब, ती बघायला आहेत. बाईंना वापरायला काय पाहिजे ते सांगा." मी नव्या रिव्हॉल्वरचं नाव घेतलं आणि वाचलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. चाचांनी मान डोलवत ऐकलं, रिव्हॉल्वर उघडून गोळ्यांची सगळी घरं रिकामी दाखवली आणि ते आत्याच्या हातात दिलं.

मी किती दिवस या क्षणाची वाट पाहत होतो. आत्यानं भिंतीकडं नेम धरला आणि चाप ओढला. चाप हलला नाही. तिनं दोन्ही हातांनी धरून ओढला. कडक बोट पांढरं पडलं, रिव्हॉल्वर थरथरलं, नेम भिंतीवरून छतावर गेला, तरी चाप अर्ध्यातच.

चाचा म्हणाले, "बाई, ह्याचा चाप सरकारी हाय. एका अर्जात हलत न्हाई."

काका मोठ्यानं हसले. मलाही हसायला आलं असतं, पण माझं सगळं वाचलेलं त्या काउंटरवर कोसळून पडलं होतं. पावती होती, गोळ्या होत्या, दुरुस्ती होती. आत्याचं बोट मी हिशेबात धरलंच नव्हतं. आत्याच्या मुलीला पुण्याला फोन करून काय सांगायचं ते मी मनात जुळवायला लागलो.

आत्यानं रिव्हॉल्वर खाली ठेवलं नाही. ती ते उलटसुलट करून बघत होती. मग तिनं मागच्या बाजूचा घोडा दाखवून विचारलं, "हे कावून हाय?"

चाचांनी सांगितलं की तो अंगठ्यानं मागे ओढून ठेवता येतो. मग चापाला जोर लागत नाही, बोट टेकलं की पुरतं. फक्त घोड्यालाच स्प्रिंग आहे, बायकांचा अंगठा दुखतो.

माझी आत्या गेली तीस-एक वर्षं सकाळ-संध्याकाळ म्हशींची धार काढते. आमच्याकडे अंगठा दुमडून, आचळ त्याच्यावर दाबून धार काढतात. तिच्या अंगठ्याचं पेर माझ्या अंगठ्याच्या दुप्पट आहे. लहानपणी ती त्या अंगठ्यानं माझ्या कपाळाला तेल चोळायची तेव्हा माझं डोकं उशीत रुतायचं. तिनं तो अंगठा घोड्यावर ठेवला आणि सहज मागे ओढला. खट्. मग कडक बोट चापाला नुसतं टेकवलं. टक्. नेम हलला नव्हता.

पुन्हा. खट्, टक्. पुन्हा. चाचांनी मोजायचं सोडून खुर्ची ओढून घेतली. आत्या एखादी जुनी म्हैस सापडल्यासारखी रमली होती. शेवटी चाचांनीच तिला थांबवलं. रिकामं इतकं चालवणं चांगलं नाही म्हणाले, आणि पेन काढलं.

"हेच बांधा," आत्या म्हणाली.

काकांनी अजून एक अट बाहेर काढली. रिकाम्याचं काय, गोळी घालून उडवलं तर धक्क्यानं हातातून पडेल. आत्या तेही कबूल झाली. हत्याराची पोलीस ठाण्यात नोंद झाली आणि मग आम्ही रीतसर परवानगी घेऊन बीडच्या सराव मैदानावर गेलो. कानाला पट्टा बांधलेली, नऊवारीचा काष्टा खोचलेली माझी आत्या रेषेवर उभी राहिली. प्रशिक्षक शेजारी. काका माझ्या मागे, बोटं कानात घालून. खट्. मग आवाज. कबुतरं उडाली. आत्या हलली नाही. तिनं पुन्हा अंगठा ओढला.

प्रशिक्षकांनी कागद आणून दिला. सगळ्या गोळ्या त्यावर होत्या, एक मधल्या काळ्या गोलाच्या अगदी काठावर, बाकीच्या आत. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मला पदवी मिळाली त्या दिवशी सभागृहात आत्या अशीच रडली होती, आणि शेजारच्या बाईनं काय झालं विचारल्यावर तिला धड सांगताही आलं नव्हतं.

आत्यानं कागदाची घडी घातली आणि काकांना दिली. "घ्या भावजी. हे तुमच्या कपाटात ठेवा."

काकांनी तो ठेवला. खरंच ठेवला. नंतर मी दुकानात गेलो तर त्याची फ्रेम करून गल्ल्यामागे लावली होती, आणि एका गिऱ्हाइकाला ते सांगत होते की आमच्या घरात विलायतीची गरजच काय. ट्रॅक्टरवाल्यांच्या वतीनं वाटेसाठी बोलणी करणाऱ्या माणसाला त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं की करार होणार नाही. वाट बंद झाली. तिथं आता लोखंडी फाटक आहे आणि काकांनी ते आपल्या पैशानं बसवलं आहे. ट्रॅक्टर काही दिवस फाटकापर्यंत येऊन वळले, मग यायचेही थांबले. ते रिव्हॉल्वर मैदानाबाहेर कधी उडालं नाही आणि उडू नये अशीच आमची सगळ्यांची इच्छा आहे. निवडणुका आल्या की आत्या ते नियमाप्रमाणे ठाण्यात जमा करून येते. मध्यंतरी जिल्ह्यात परवान्यांची फेरतपासणी झाली, तेव्हा तिला विचारलं की याची गरज काय. तिनं परवान्यावरच्या पत्त्याच्या ओळीवर अंगठा ठेवून दाखवलं: मळा, गोदाकाठ. परवाना कायम राहिला.

त्या वर्षी दिवाळीला सामान गाडीत भरलं गेलं नाही. मला सुट्टी मिळायला उशीर होणार होता, म्हणून मी तिला पत्र लिहिलं. फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं, असं ती म्हणते, आणि पत्र ती दहादा वाचते. ते असं होतं:

आत्यास सा. न.

मी शुक्रवारी येतो. माझी नोकरी कायम झाली, आदेश कालच हातात आला. प्राचार्यांनी पेढे वाटायला सांगितले, पण पहिला पेढा तुझ्या हातात दिल्याशिवाय डबा उघडणार नाही. काकांना आधी सांगू नकोस, ते सगळ्या बाजारात सांगतील.

तू मला ठेवून घेतलंस तेव्हा तुला कुणी विचारलं नव्हतं की हे पोर तुला सांभाळता येईल का. तुला मात्र या वर्षी सगळ्यांनी विचारलं. तू करून दाखवलंस. मी वर्गात मुलांना पुष्कळ मोठ्या माणसांच्या गोष्टी सांगतो, परवा तुझी सांगितली. नाव सांगितलं नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी तास संपल्यावर विचारायला आली की त्या बाई अजून तिथंच राहतात का.

पेटीला कुलूप लावतेस ना? गोळ्या वेगळ्या ठेव. फाटकाच्या बिजागरीला तेल घाल, मागच्या खेपेला कुरकुरत होतं.

पाकिटावर पत्ता मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिला आहे. परवाना आला तेव्हा काका मला म्हणाले होते, यापुढं वहिनींची टपालं गेवराईच्या दुकानावर पाठव. मी नाही पाठवलं. पोस्टमनला फाटकातून आत यायला सांग आणि त्याला चहा दे.

मुक्काम मळा, गोदाकाठ, तालुका गेवराई. हे पत्र पोचलं, म्हणजे सगळं पोचलं.

तुझा