दोन्ही कामं येणाऱ्या बाया

मला लोक रागीट म्हणतात. म्हणू देत. त्या दिवशी मी रागावले नसते तर पेठ तालुक्यातल्या बायांची एक टोळी ऐन द्राक्षाच्या हंगामात रिकाम्या हाताने घरी गेली असती.

आमचं ऑफिस पंचवटीत, भाजीबाजाराच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. पिंपळगावच्या एका द्राक्षाच्या पॅकहाउसची वेबसाइट आम्ही केली होती; तिथे राबणाऱ्या कोणत्या बाईला कोणतं काम येतं, ते तिच्यावर शोधता यायचं. एकेका बाईला अनेक कामं येतात, एकेक काम अनेक बायांना येतं. तशी ती माहिती एकमेकांत गुंफलेली. पॅकहाउसवर जाऊन ती मीच भरली होती. सकाळी आलेल्या घडांतले खराब मणी कात्रीने काढायचे आणि दुपारी तेच घड डब्यांत भरायचे, म्हणून पॅकहाउसच्या शेठना दोन्ही कामं येणाऱ्या बाया हव्या होत्या. त्यांनी दोन्ही चौकोनांत टिक करून शोधलं. उत्तर आलं, एकही नाही.

शेठनी लगेच दुसऱ्या ठेकेदाराला टोळी आणायला सांगितली. पेठच्या टोळीच्या मुकादमाचा मला फोन आला.

"ताई, शेठ म्हनत्यात आमच्या बायांना दोन्ही येत नाय. सांजच्याला पॅकहाउसमागच्या खोल्या मोकळ्या करा म्हनले. आता तुमीच बघा काय ते."

शोधाचा तो भाग आमच्या सरांनी लिहिलेला. त्यांनी खुर्चीसुद्धा वळवली नाही. "माहिती भरताना तूच चुकली असशील. असं कर, प्रत्येकीचं एकच मुख्य काम ठेव. कटकटच नको."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. सकाळी कात्री धरलेल्या बाया दुपारी डबे भरताना मी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. हातच्या काकणाला आरसा कशाला?

"नाही ठेवणार," मी म्हणाले. सरांना नाही म्हणण्याची ती पहिलीच वेळ. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

त्यांचा कोड उघडला. दोन्ही अटी त्यांनी एकाच फिल्टरमध्ये कोंबल्या होत्या. त्यामुळे कॉम्प्युटर प्रत्येक बाईकडे असं एकच काम शोधत होता, जे मणी काढणंही आहे आणि डबे भरणंही. असं काम जगात कुणाला येणार? मी एकापुढे एक दोन फिल्टर लावले. पहिल्या चाळणीतून मणी काढणाऱ्या घ्यायच्या, त्यांतूनच दुसऱ्या चाळणीने डबे भरणाऱ्या.

सर आता मात्र उठून आले. "चालू साइटला हात लावायचा नाही. सोमवारी बघू."

"सोमवारी बाया पेठला असतील, सर."

"काही बिघडलं तर जबाबदारी तुझी. नोकरी जाईल."

"जाऊ दे. लिहून देऊ का?"

भरलेल्या माहितीवर शोध तपासून पाहिला, बदल साइटवर चढवला आणि सरांच्या समोरच शेठना फोन लावला. म्हटलं, पुन्हा शोधा.

त्यांनी पुन्हा दोन्ही चौकोनांत टिक केलं. मग शेठ म्हणाले, "एवढ्या? मग इतका वेळ होत्या कुठे या?"

"तुमच्या पॅकहाउसच्या मागे," मी म्हणाले. "सामान बांधतायत. तुम्ही स्वतः जा आणि थांबवा त्यांना."