लाल ओळ

पुण्यात खराडीतल्या आमच्या ऑफिसात प्रत्येकाचा एक टेस्ट पेशंट होता. आम्ही हॉस्पिटलांसाठी डिस्चार्जचे कागद बनवायचो, म्हणजे तिकडून एक्सएमएलच्या फाइलींत येणाऱ्या माहितीला एक्सएसएलटी या भाषेत लिहिलेले मांडणीचे नियम लावून तिचा छापील कागद करायचो. नवीन काही लिहिलं की आधी आपापल्या टेस्ट पेशंटवर चालवून बघायचं, ही तिथली रीत. कुणी त्यासाठी सासऱ्यांची माहिती भरली होती, कुणी स्वतःची. माझी पेशंट आई होती.

आई वर्ध्याजवळच्या गावी राहते. काही वर्षांपूर्वी घसा दुखत होता म्हणून ती दवाखान्यात गेली, आणि तिथल्या पहिल्याच गोळीने तिचा चेहरा सुजला, श्वास अडकायला लागला. रिक्षात घालून तिला तालुक्याला पळवलं. वाचली. तिला पेनिसिलिन चालत नाही हे त्याआधी एकदा कळलंही होतं, पण कागदावर कुणी लिहिलंच नव्हतं. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. म्हणून कागदावर धोक्याची लाल ओळ छापायचं काम आलं, तेव्हा मी ते मागून घेतलं.

काम सांगायला सोपं होतं. धोक्याच्या औषधांचे काही हजार कोड एका वेगळ्या फाइलमध्ये होते. ॲलर्जी असलेल्या पेशंटच्या कागदावरचं प्रत्येक औषध त्या यादीत आहे का बघायचं आणि असेल तर खाली लाल ओळ छापायची. मी कोडला कोड लावून बघत गेले. हा आहे का? नाही. मग हा? उत्तर बरोबर यायचं, पण दुपारी सगळ्या वॉर्डांचे कागद एकदम आले की वीस-बावीस मिनिटं जायची. तिकडे बॅगा बांधून बसलेले नातेवाईक काउंटरवर भांडायचे.

शनिवार पेठेतून रोज स्कूटरवर येणारे एक सीनियर माझ्या शेजारी बसत. त्यांनी एकदा माझ्या स्क्रीनवर नजर टाकली.

"एका गोळीसाठी आपण अख्ख्या शाळेची हजेरी घेताय," ते म्हणाले. "कोण कुठल्या बाकावर बसतं ते एकदाच लिहून ठेवावं, असं नाही वाटलं?"

मला झोंबलं. पण त्यांनी खुर्ची ओढली आणि xsl:key नावाची सोय दाखवली. ऑफिसात तिला सगळे किल्ली म्हणायचे. ती यादी एकदाच वाचते आणि कुठला कोड कुठे आहे ते लक्षात ठेवते. मग कितीही वेळा विचारा, ती सरळ त्या जागेवर बोट ठेवते.

मी पाच-सहा ओळी बदलल्या आणि एंटर दाबलं. चहाचा कप उचलला, तो तोंडाला लागायच्या आत काम झालेलं. वीस मिनिटांचं काम दोन सेकंदांत. अंगावर काटा आला. काहीतरी चुकलं असेल म्हणून पुन्हा चालवलं, मग नुसतं बघायला म्हणून आणखी दोनदा.

"झालं," मी सांगितलं.

"पेशंट चालवलात?"

नव्हता चालवला. आईचा कागद काढला. तिचं वय, ॲलर्जीच्या रकान्यात पेनिसिलिन, औषधांत तीच गोळी, आणि गोळीच्या खाली काहीच नाही. सगळ्या वॉर्डांचे कागद पुन्हा उघडून पाहिले. एकावरही लाल ओळ नव्हती, आणि दहा मिनिटांत मी ते पुढे पाठवणार होते.

सीनियर या वेळी टोमणा मारायला विसरले. "किल्ली आपण ज्या फाइलमध्ये उभे असतो तिथंच शोधते," ते हळू आवाजात म्हणाले. "आपण उभ्या आहात पेशंटच्या फाइलमध्ये. यादीच्या फाइलमध्ये जाऊन विचारा."

मग मी औषधाचा कोड आधी बाजूला धरून ठेवला आणि एकदाच फिरणारी एक फेरी लिहिली. तिचं काम एवढंच, की आपल्याला यादीच्या फाइलमध्ये नेऊन उभं करायचं. तिथे उभं राहून किल्लीला विचारलं. पुन्हा दोनच सेकंद लागले, आणि आईच्या गोळीखाली लाल ओळ उमटली. मी बघतच राहिले. वाटेतल्या हजारो कोडांपैकी एकालाही न अडवता ती बरोबर त्या एका गोळीपाशी पोचली होती. हे ज्याला सुचलं असेल त्याला मनातल्या मनात हात जोडले. पुढच्या नोकरीत एक्सएसएलटीची नवी आवृत्ती मिळाली, तिच्यात किल्लीला कुठल्या फाइलमध्ये शोधायचं ते थेट सांगता यायचं, पण तसं भारावून जाणं पुन्हा झालं नाही.

तो कागद मी छापून घेतला आणि गावी गेले तेव्हा आईला दिला. वर ठळक अक्षरांत 'नमुना' लिहिलेलं होतं. तिने चष्मा लावून लाल ओळ दोनदा वाचली.

"येवढ्या एका वळीसाठी तू पुन्याले रायते का व?"

"हो," मी म्हटलं.

तिने कागदाची घडी करून आधार कार्डासोबत पाकिटात ठेवली. दोनेक महिन्यांनी तिचा फोन आला. घसा पुन्हा धरला होता, ती त्याच दवाखान्यात गेली होती, आणि बसायच्या आधीच तिने तो कागद डॉक्टरांच्या टेबलावर उलगडून ठेवला होता. तपासून झाल्यावर त्यांनी लिहायला घेतलेलं गोळीचं नाव त्या कागदाकडे बघून खोडलं म्हणे.