चष्मा लावून झोपणाऱ्या मॅडम

आमच्या मॅडम चष्मा लावून झोपायच्या. वाचता वाचता डोळा लागला आणि चष्मा तसाच राहिला, असं नव्हे. दात घासून, केस विंचरून, काचा पदराला पुसून त्या चष्मा पुन्हा नाकावर चढवायच्या आणि मग डोळे मिटायच्या. कुशीवर वळायची सोय नसल्यानं वर्षानुवर्षं उताण्याच झोपत. दांडी रुतून रुतून कानामागं एक खळगाच पडला होता. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा वाटलं, फिजिक्स शिकवणारी माणसं जरा अशीच असणार.

लातूरला तेव्हा क्लासेसचा नुसता सुकाळ होता. दहावी झाली की आमच्या जळकोटकडची पोरं गादीची वळकटी आणि तुपाचा डबा घेऊन लातूरच्या स्टँडवर उतरायची, आणि भिंतीभिंतींवरून मागच्या वर्षीच्या हुशार मुलांचे फोटो त्यांच्याकडे बघून हसत असायचे. मॅडम अशाच एका क्लासमध्ये शिकवत आणि घरातल्या एका खोलीत आम्हा चौघींना ठेवून घेत. वयानं आमच्याहून जेमतेम दहा वर्षांनी मोठ्या. कपाळावर विभूतीची रेघ, गळ्यात इष्टलिंग आणि नाकावर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. नंबर उणे साडेसात.

त्या घरात चहाच्या आधी नव्या मुलीची परीक्षा व्हायची. मला वडील सोडायला आले होते. मॅडमनी मला माझ्या गादीवर बसवलं आणि म्हणाल्या, "डोळे मीट. आता ऊठ अन् दारापर्यंत जा." मी हात पुढं करून निघाले, ट्रंकेला ठेचकाळले आणि कशाची तरी कडी काढली. "ते कपाट हाय," मॅडम म्हणाल्या. "परत." वडील बघतच राहिले. पोरीला डॉक्टर करायला आणलंय की आंधळी कोशिंबीर शिकवायला, असा त्यांचा चेहरा झाला होता. मी बिनचूक दार उघडलं तेव्हाच चहा मिळाला. पुढं खोलीतली खाट हलवली, नाहीतर नवी मुलगी आली, की आम्हा सगळ्यांची परीक्षा पुन्हा व्हायची.

वर्गात मात्र हाच चष्मा त्यांचा सगळ्यात मोठा खडू होता. प्रकाशाचं प्रकरण आलं की त्या चष्मा काढून टेबलावर ठेवत. "आता तुम्ही सगळे सारखेच. हुशार कोण, ढ कोण, काही कळत न्हाई. लई बरं वाटून राहिलंय," असं म्हणून त्या फळ्याला नाक लावून डोळ्याचं चित्र काढत. त्यांचा डोळा लांबट आहे, त्यामुळे किरण पडद्याच्या अलीकडंच एकत्र येतात आणि पडद्यावर पोचेपर्यंत चित्र फिसकटतं. म्हणून ही अंतर्गोल काच त्यांना आधी जरा फाकवते, असं त्या समजावत. मुलं हसत आणि विसरत नसत. मी तर ते चित्र अजूनही पेशंटला तसंच काढून दाखवते.

मॅडमना स्थळं येत. एकदा एका पाहुण्यानं सुचवलं, पोरीनं बघायच्या वेळेपुरता चष्मा काढावा, म्हणजे डोळे दिसतील. मॅडमनी मुकाट्यानं काढला. थोड्या वेळानं विचारलं, "मुलगा कुठं बसलाय तेवढं सांगा, म्हणजे तिकडं बघून हसते." स्थळ गेलं. शेजारच्या खाला, ज्यांच्या घरचं अत्तराचं दुकान होतं, हे आठवून आठवून पदरात तोंड खुपसून हसत. मॅडमच्या वडिलांना, अप्पांना, हसू येत नसे. ते दर महिन्याला गावाहून येत, लेकीच्या जाड काचांकडे बघत आणि परत जात.

चष्मा लावून झोपण्याचं कारण मला मॅडमनी एकदाच सांगितलं. आम्ही दोघी शेंगा निवडत बसलो होतो. भूकंप झाला तेव्हा त्या नववीत होत्या. दगडामातीचं माळवदाचं घर पहाटे हललं. उशाशी ठेवलेला चष्मा कुठं उडाला कळलं नाही. अप्पा धाकट्या भावाला घेऊन बाहेर पडले, आईही उंबऱ्यापर्यंत पोचली. "बाहेर चांदणं होतं. बाकीच्यांना दाराची चौकट दिसली. मला नुसती धूळ अन् धुकं. दार दोन हातांवर होतं, अन् मी उलट्या भिंतीला चाचपून राहिले. आई मागं फिरली. तिनं मला धरून दाराकडं ढकललं." ढकलणारी आई बाहेर आली नव्हती. शेंगांचं सूप उचलत मॅडम म्हणाल्या, "आता माझ्यासाठी कुणाला मागं फिरायची पाळी यायला नको, बस." मी तेव्हा सोळा वर्षांची होते. त्या रात्रीपासून त्यांच्या नाकावरच्या चष्म्याचं मला कधी हसू आलं नाही.

डॉक्टर होण्याइतके मार्क मला पडले नाहीत. मी रडून घर डोक्यावर घेतलं. मॅडमनी रडू दिलं, जेवायला वाढलं, आणि दुसऱ्या दिवशी डोळे तपासण्याच्या कोर्सची माहिती कुणाकडून तरी काढून आणली. "तुला प्रकाशाचं प्रकरण चांगलं जमायचं," एवढंच त्या म्हणाल्या. त्या एका वाक्यावर माझं आयुष्य उभं आहे, हे मी त्यांना कितीदा सांगितलं, पण त्या "हाव, हाव" म्हणून विषय बदलतात. कोर्स करून मी नांदेडच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात लागले. तिथं लेझरचं मशीन आलं आणि ऑपरेशनच्या आधी बुबुळाची मापं घेण्याचं काम माझ्याकडं आलं.

अर्थात पहिली आठवण मॅडमची झाली. मी फोन केला की त्या सगळं नीट ऐकून घेत आणि म्हणत, "बरं चाललंय की माझं." चष्मा सोडायचा म्हणजे झोपेत उघड्या नाकानं पडायचं, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. लेझरची भीती नव्हती. भीती होती ती त्या एका पहाटेची. वर्षं अशीच गेली.

मग एके दिवशी सकाळी त्यांचाच फोन आला. झोपेत फ्रेम मोडून काच पाठीखाली गेली होती. जुना चष्मा कुठं ठेवलाय ते दिसेना, म्हणून त्यांनी हाक मारली. घरातली एक पोरगी बोर्डाच्या पेपरला निघाली होती, रिक्षात बसली होती. हाक ऐकून ती उतरून परत आली, तो शोधून दिला आणि मग गेली. वर्गात पोचेपर्यंत पेपर सुरू झाला होता. "ती पोरगी माझ्यासाठी मागं फिरली गं," मॅडम म्हणाल्या. आवाज ओळखू येत नव्हता. मग म्हणाल्या, "तुझ्या त्या मशीनचं सांग."

त्या नांदेडला आल्या आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसल्या. आता शिकवायचं मी होतं. मी कागद घेऊन त्यांचाच डोळा काढला. म्हटलं, डोळ्याचा पडदा मागं आहे तो पुढं आणता येत नाही, पण समोरचं पारदर्शक बुबुळ हीही काचच आहे. त्याचा पातळ पापुद्रा उचलून खालच्या थराचा मधला भाग लेझरनं किंचित सपाट केला की किरण लांब जाऊन पडद्यावर भेटतात. जवळचं नीट न दिसणाऱ्यांना उलट करतात, कडेनं कोरून मधला फुगवटा वाढवतात. आडवा नंबर असेल तर वेडावाकडा गोल सारखा करतात. मॅडम चष्म्यातून कागदाकडं बघत होत्या. "म्हणजे चष्मा डोळ्यावरच कोरायचा." मी म्हटलं, "हाव, मॅडम." बुबुळ पातळ असलं तर डॉक्टर नकार देतात, हेही सांगितलं. मापं मी दोनदा घेतली. त्यांचं बुबुळ भरपूर जाड निघालं आणि नंबर कित्येक वर्षं हलला नव्हता. दवाखान्यातल्या सगळ्यांना मी उगाच चहा पाजला.

ऑपरेशनच्या दिवशी वेगळाच घोटाळा झाला. डोळ्यात काजळ नको, हे मी बजावलं होतं. अत्तर नको हे मी सांगायचं विसरले नव्हते. पण ते मॅडमला सांगितलं होतं, खालांना नाही. शुभकामाला निघालेल्या माणसाला अत्तर लावल्याशिवाय खाला गल्लीच्या बाहेर जाऊ देत नसत. पोरींनी मोगऱ्याचा गजरा माळला होता. अप्पांनी कपाळभर विभूती लावली होती. लातूरहून निघालेल्या मॅडम दारात आल्या आणि सगळा दवाखाना घमघमला. सिस्टर ओरडली, "हा वास आत चालणार न्हाई! लेझरच्या नेमात फरक पडतो!" मॅडमचा चेहरा पडला. "खालांचं मन कसं मोडू? त्यांनी दुवा मागून लावलं." शेवटी त्यांना मी बाथरूममध्ये नेलं, बिनवासाच्या साबणानं मान, कान आणि हात घासघासून धुतले, केस धुऊन वाळवले, आणि सिस्टरनं नाक लावून पास करेपर्यंत दुपार झाली. गळ्यातलं लिंग राहू द्या, असं डॉक्टर स्वतःहून म्हणाले. अप्पा बाहेर बाकावर गजरा हातात धरून बसले होते.

आत जायच्या आधी मी त्यांना एक गोष्ट सांगून ठेवली होती. पापुद्रा काढताना डोळा घट्ट धरतात, तेव्हा थोडा वेळ दिसायचं बंद होतं. पूर्ण अंधार. टेबलाजवळ पोचल्यावर त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "सर, एक मिनिट." मग डोळे मिटले, टेबलाला हात लावला, आणि एक एक पाऊल मोजत दारापर्यंत गेल्या. कडी चाचपली. परत आल्या. मशीनवरचा हात डॉक्टरांनी खाली घेतला होता. "झालं," मॅडम म्हणाल्या आणि निजल्या. मी टेबलाशेजारी उभी राहिले, आणि अंधार होतो तेवढ्या क्षणांपुरता त्यांचा हात धरला. त्यांनी तो दाबला नाही, नुसता राहू दिला.

डोळ्याला थेंबांची भूल असल्यानं दुखलं नाही. लेझर चालू झाल्यावर केस जळाल्यासारखा वास आला, दिव्याकडं बघत राहा असं डॉक्टर सांगत होते, आणि बोलता बोलता दोन्ही डोळे झालेसुद्धा. मॅडम उठून बसल्या. धुरातून बघावं तसं दिसतंय म्हणाल्या. मग समोर बघून म्हणाल्या, "दाराची वरची कडी मोडलीय तुमच्या." आम्ही सगळे वळलो. खरंच मोडली होती. मला रडू आवरेना, आणि सिस्टर मला पेशंटसमोर रडते म्हणून रागावली.

झोपेत डोळे चोळले जाऊ नयेत म्हणून रात्री लावायला पारदर्शक वाट्या देतात, पट्टीनं चिकटवायच्या. मी त्या लावून दाखवल्या तेव्हा मॅडम किती हसल्या! "म्हणजे चष्मा लावूनच झोपायचं की गं!" मला वाटतं त्या वाट्यांनीच काम सोपं केलं. एकदम उघड्यावर पडावं लागलं नाही. वाट्या सुटल्यावरही बरेच दिवस पहाटे हात नाकाकडं जायचा, मग त्या खिडकी बघत, कपाट बघत, दार बघत आणि कुशीवर वळून पुन्हा झोपत. कुशीवर झोपण्यात एवढं सुख असतं हे तू आधी का सांगितलं न्हाईस, असं त्यांनी मला फोनवर झाडलं होतं.

मी आजही परगावी कुठं मुक्काम केला की डोळे मिटून आधी दारापर्यंत जाते. माझी मुलगी हसते आणि माझ्या मागून येते. परवा तिला घेऊन लातूरला मॅडमकडं राहिले. मॅडमना आता वाचायला चाळिशीचा चष्मा लागतो; तो लेझरनं चुकत नाही, हे मी आधीच सांगितलं होतं. सकाळी उठले तर त्या पेपर हातात धरून बसल्या होत्या, चष्मा कुठंच नव्हता. मी उशी उचलली, गादी झाडली, खाटेखाली वाकले.

"कशाला शोधून राहिलीस?" मॅडम पेपर बाजूला ठेवत म्हणाल्या. "सापडंल दुपारपर्यंत. मला दार दिसतंय."