किटलीभर पाणी

एकतीस वर्षं शेजारी राहूनही बर्निसबाई होचेवार क्लॅरेन्स झुपानला फारशा कळल्या नव्हत्या. त्या विधवा होत्या, ईस्टरला अक्रोडाची गोड पावरोटी भाजत, मुलगा अ‍ॅरिझोनात होता आणि त्यांना कुत्री आवडत नसत. नवरा कशाने गेला हेसुद्धा त्याने कधी विचारलं नव्हतं. तो ओतकामाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, एकटा आणि बोलण्यात कच्चा. रोज सकाळी सातच्या प्रार्थनेला जाताना तो त्यांच्या दारापुढच्या फुटपाथवरून जाई, तेवढीच गाठभेट.

अमेरिकेतल्या ईरी तलावाकाठच्या त्या गल्लीत बर्फाला हात न लावणारा माणूस शहाणा समजला जाई. आभाळातून पडलेला बर्फ तसाच राहू दिला, तर कुणी घसरलं तरी कोर्ट घरमालकाला सहसा काही विचारत नाही. तो वितळवला आणि त्याचं पाणी पुन्हा गोठलं, तर मात्र ती मालकाची करणी ठरते. बर्निसबाईंना हे ठाऊक होतं. तरी क्लॅरेन्स निघायच्या आधी त्या फावड्याने वाट काढत आणि राहिलेल्या पापुद्र्यावर किटलीभर उकळतं पाणी ओतत.

“बाई, मीठ टाकत जा की,” तो म्हणे.

“मिठाने माझे गुलाब मरतात. तुम्ही पाणी गरम आहे तोवर पाय उचला. आधीच देवाकडे उशिरा जाता.”

जानेवारीतल्या एका सकाळी बुटाची नाडी तुटली म्हणून त्याला निघायला वीस मिनिटं उशीर झाला. तोवर पाण्याची काच झाली होती. तो घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. रुग्णवाहिका येईपर्यंत बर्निसबाई आपला कोट त्याच्या अंगावर टाकून नुसत्या स्वेटरवर बर्फात बसून राहिल्या.

इस्पितळातून घरी आल्यावर आरोग्यविम्याच्या कंपनीचा फॉर्म आला. कुठे पडलात, जागा कुणाची, कशामुळे घसरलात? क्लॅरेन्सने आयुष्यात कुठल्याही फॉर्मवर खोटं लिहिलं नव्हतं. शिवाय बाईंचं कौतुक कुठेतरी लिहून ठेवावं असंही त्याला वाटलं. त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं: शेजारीणबाई माझ्यासाठी रोज सकाळी फुटपाथवर गरम पाणी ओततात, फार चांगल्या आहेत.

दीड महिन्याने बर्निसबाई एक पाकीट घेऊन त्याच्या दारात उभ्या राहिल्या. इस्पितळाचा सगळा खर्च कंपनीने त्यांच्याकडे मागितला होता, आणि दावा क्लॅरेन्सच्या नावाने होता. असा खर्च भरून देणारा घराचा विमा त्यांनी नवरा गेल्यावर बंद केला होता. आता उरलं होतं ते घरच.

“तुम्ही माझ्यावर खटला केलात?” त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. त्यामुळेच तो खचला.

त्याने कंपनीला फोन लावला. “माझी काही तक्रार नाही हो.”

“तुमची नसेल, साहेब,” पलीकडची मुलगी म्हणाली. “आमची आहे.”

तो वॉकर टेकत वकिलाकडे गेला. दावा मागे घेतला तर खर्च तुमच्या अंगावर येईल, असं वकील म्हणाला. येऊ दे, क्लॅरेन्स म्हणाला. मग वकिलाने कागद काढून दाखवला: विमा घेताना सही केलेली, दावा करायचा हक्क कंपनीचा. तुमच्या घरानेसुद्धा भागणार नाही, तो म्हणाला. उरेल तेवढं कंपनी बाईंकडून घेईलच.

जबानीच्या आदल्या दुपारी तो बाईंच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा जाऊन बसला.

“बाई, उद्या एवढंच सांगा की त्या दिवशी बर्फाला हात लावला नव्हता. मीही सांगतो, माझ्या लिहिण्यात चूक झाली. डोक्याला मार लागला होता म्हणतो.”

“लागला होता?”

“नाही.”

“अख्ख्या गल्लीने मला किटली घेऊन उभं राहिलेलं पाहिलंय, क्लॅरेन्स.”

“गल्ली बोलणार नाही. मी दारोदार जाऊन आलो. पाया पडतो तुमच्या.”

“त्या खुब्याने?” त्या जराशा हसल्या. मग त्यांनी त्याच्यापुढे कॉफी ठेवली. त्याने तो होकारच समजला.

दुसऱ्या दिवशी क्लॅरेन्सची पाळी आधी होती. कुणालाही पाणी ओतताना पाहिलं नाही, असं त्याने शपथेवर सांगितलं. आयुष्यातलं ते त्याचं पहिलं खोटं. मग बर्निसबाईंना विचारलं गेलं.

“ओतलं. रोज ओतत होते,” त्या म्हणाल्या. “ह्यांना प्रार्थनेला जायचं असतं.”

कागद उलटल्याचा आवाज झाला. क्लॅरेन्स टेबलाच्या कडेकडे बघत राहिला. त्या असं का बोलल्या, हे विचारायचा धीर त्याला त्या दिवशी झाला नाही, नंतरही नाही.

मे महिन्यात तो खर्च फेडायला बर्निसबाईंचं घर विकलं गेलं. त्यांचा मुलगा गाडीत सामान भरत होता. क्लॅरेन्स काठी टेकत कुंपणापाशी आला. बोलायचं पुष्कळ ठरवलं होतं.

“विमानतळाला दीड तास लागेल, नाही?”

“पूल बंद आहे म्हणतात. दोन धरा.”

“मग निघायला हवं तुम्हाला.”

“हो,” बर्निसबाई म्हणाल्या. “निघते.”