चुन्याच्या तीन रेघा

दोन हजार तेवीस साल. आधार कार्डाप्रमाणे माझं वय तेव्हा एकसष्ट, ते चूक आहे. मी पासष्टचा होतो. शाळा तिसरीपर्यंत झाली, पुढचं सगळं टायरांनी शिकवलं. तीस वर्षं ठाण्यात पंक्चरची कामं केली आणि मग खोडाळ्याला बाजाराच्या कडेला स्वतःचं दुकान टाकलं. घाट चढून आलेलं टायर किती दमलंय ते मी हात फिरवून सांगतो. ही बढाई नाही. ज्याला खोटं वाटेल त्यानं टायर घेऊन यावं.

त्या वर्षी जामसरचा माझा भाचा दुकानात आला. सख्ख्या बहिणीचा मुलगा, चाळिशीचा. पहिल्यांदा पाना धरला तो माझ्या दुकानात. नंतर आयटीआय करून भिवंडीला एका रेसिंग टीमचा हेड मेकॅनिक झाला. म्हणाला, मामा, यंदाच्या सीझनला टायरांवर भरवशाचा माणूस पाहिजे, दुसरा कोणी डोळ्यांपुढं येत नाही. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, छाती फुगली.

या गाड्या रस्त्यावरच्या नव्हेत. चाकं उघडी, वर छप्पर नाही, आत एकच माणूस निजल्यासारखा बसतो. देशाची चॅम्पियनशिप होती. एकाच ट्रॅकवर तीन वर्गांच्या गाड्या, पण प्रत्येक वर्गाची शर्यत वेगळी आणि विजेता वेगळा. वर्षात चार फेऱ्या, कधी कोइमतूरला, कधी मद्रासकडे. चारही फेऱ्यांचे गुण मिळवून जो वर राहील तो जिंकला.

आमच्या दोन गाड्या होत्या. खालच्या वर्गात नाशिकची एक मुलगी, एकोणीस वर्षांची. मधल्या वर्गात टीमच्या मालकाचा मुलगा. टायर मात्र दोघांना एकाच मापाचे लागायचे. गाडीमागं वर्षाचे टायर ठरलेले, त्यावर शर्यतवाल्यांचा शिक्का. शिक्का सगळ्यांवर सारखाच. कुठलं टायर कुठल्या गाडीचं ते टीमनं आपलं आपण बघायचं. म्हणून मी बोटानं चुन्याच्या खुणा केल्या. मुलीच्या टायरांना आतल्या अंगाला तीन रेघा, मालकाच्या मुलाच्या टायरांना गोल.

आमच्याकडं रानात वाळलेलं लाकूड दिसलं आणि त्याच दिवशी नेता येत नसलं, तर त्यावर दगड ठेवायचा नाहीतर गवताची गाठ बांधायची. महिना गेला तरी लाकूड जागेवर असतं. दुसऱ्याच्या खुणेला हात लावणाऱ्याच्या घरचं पाणी कोणी पीत नाही. मला हे आईनं शिकवलं, तिनंच माझ्या बहिणीला शिकवलं आणि बहिणीनं भाच्याला. त्यामुळे खूण केल्यावर मी टायरांना कधी कुलूप लावलं नाही. टीमची बाकीची माणसं हसायची. मी म्हणायचो, हसा.

पहिल्या फेरीनंतर मी त्या मुलीला एक गोष्ट सांगितली. चार टायरांचा एक नवा जोड आपण मागं ठेवू. मधल्या दोन फेऱ्या जुन्यावर काढ, तिसरी-चौथी आलीस तरी चालेल. शेवटच्या फेरीला बाकीच्यांचे टायर शिजून कडक झालेले असतील, तुझे ताजे. तिच्या वडिलांना पटलं नाही. तिला पटलं.

भिवंडीचं वर्कशॉप पत्र्याचं, त्या उन्हात रबर मरतं. म्हणून तो जोड मी खोडाळ्याला माझ्या कुडाच्या घरात आणला. नागलीच्या कणगीमागं अंधारात गोणपाटात गुंडाळून ठेवला. पावसात मुलगी वडिलांबरोबर आमच्याकडचं शिरपामाळ हे ठिकाण बघायला आली होती, तेव्हा घरी आली. भाकरी खाल्ली आणि कणगीमागं वाकून म्हणाली, "आजोबा, झोपलेत का हे?"

"झोपू दे. शेवटी तुझ्यासाठीच पळायचंय त्यांना."

तिनं गोणपाटावर हात ठेवला, जसा आपण गुरावर ठेवतो तसा. दोन फेऱ्या तिनं माझ्या शब्दावर कमीपणा घेतला. लोक म्हणाले, पोरीत दम नाही. ती जुन्याच टायरांवर पळत राहिली.

शेवटच्या फेरीला तो जोड मी ट्रॅकवर आणला. तिला दुसरा नंबर आला तरी तिच्या वर्गाची चॅम्पियनशिप तिची होती. मालकाच्या मुलालाही जिंकायची संधी होती, पण त्यानं वर्षभर सगळे टायर जाळून टाकले होते. हे मला दिसत होतं. त्यातून पुढचं दिसायला हवं होतं, ते दिसलं नाही.

दुपारी भाचा म्हणाला, "मामा, जेवून घ्या. तुमच्यासाठी भात वेगळा काढून ठेवलाय." अख्ख्या सीझनमध्ये माझ्या जेवणाचं त्यानं कधी विचारलं नव्हतं. बहिणीची आठवण आली. मी जाऊन पोटभर जेवलो.

परत आलो तेव्हा चारही चाकं तिच्या गाडीला टेकवून ठेवलेली, बसवायची बाकी होती. आतल्या अंगाला तीन-तीन रेघा. मुलीनं हेल्मेट घातलं होतं. तिनं विचारलं, "आजोबा, तेच ना हे?"

मी म्हणालो, "तेच."

या टायरांना नक्षी नसते, डोळ्यांना नवं-जुनं पटकन कळत नाही. नख दाबायचं. ताज्या रबरात ते रुततं, शिजलेल्यात रुतत नाही. वर्षभर एकही टायर मी नख लावल्याशिवाय सोडलं नव्हतं. त्या दिवशी खूण बघितली आणि बोललो.

ट्रॅकच्या तिसऱ्या चकरेपासून तिची गाडी वळणावर घसरायला लागली. दुसऱ्या नंबरावरून ती पाचवी झाली आणि चॅम्पियनशिप गेली. उतरल्यावर ती रडली नाही. मला एवढंच म्हणाली, "आजोबा, ते धरतच नव्हते."

मी नख दाबलं. रुतलं नाही. मग रेघा नीट बघितल्या. मी डावखुरा. माझी रेघ उजवीकडून सुरू होते, सुरुवातीला जाड आणि शेवटी बारीक. या रेघा डावीकडं जाड होत्या. तोवर पुढच्या शर्यतीसाठी मालकाच्या मुलाची गाडी ट्रॅकवर गेली होती. ती जिंकून आली तेव्हा सगळे त्याला खांद्यावर घेऊन नाचत होते, आणि मी त्याच्या चाकाखाली बसून बघत होतो. गोलाखाली माझ्या तीन रेघा होत्या. फडक्यानं पुसलेल्या, पण पुरत्या गेल्या नव्हत्या.

भाचा पाने पेटीत भरत होता. मी विचारलं, खूण कोणी बदलली. त्यानं मान वर केली नाही.

"मालकाचा पोरगा आहे, मामा. तो हरला असता तर पुढच्या वर्षी टीमच राहिली नसती. आणि नियम कुठला मोडला ते सांगा."

"दुसऱ्याच्या खुणेला हात लावलास तू."

"रानातली खूण रानात. इथं डांबर आहे."

"तिनं मला विचारलं होतं. मी तेच म्हणालो."

तेव्हा त्यानं माझ्याकडं बघितलं. "मग आता गप्प राहा. सांगायला गेलात तर ती काय समजेल? खूण तुमची, शब्द तुमचा. माझं नाव येतं कुठं त्यात?"

त्याचं खरं होतं. भरवशाचा माणूस त्याला कशाला पाहिजे होता ते मला तेव्हा कळलं. त्यानं टायर बदलले याच्यापेक्षा हे जास्त लागलं. माझा ताठा त्यानं आधीच मोजून ठेवला होता. म्हातारा कमीपणा घ्यायचा नाही, तोंड उघडायचा नाही, हे धरून तो चालला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक भरत होते. मी तीन रेघांचं एक चाक ट्रकमधून खाली उतरवलं आणि रस्त्यानं ढकलत निघालो. भाच्यानं मागून हाक मारली, मामा, कुठं चाललात. मी वळलो नाही. मुलगी नि तिचे वडील ज्या लॉजवर उतरले होते तिथं गेलो. ती पायरीवर चहा पीत बसली होती. मी तिचा अंगठा धरून रबरावर टेकवला. म्हटलं, नख दाब. तिनं दाबलं. रुतलं नाही.

"तुझे टायर मालकाच्या मुलाला लावले. बदलणारा माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. आणि तेच म्हणणारा मी. नख न लावता म्हणालो."

शेजारी बसलेले तिचे वडील उठून आत गेले. तिनं विचारलं, "तुम्हाला माहीत होतं का, आजोबा?"

"नाही."

तिनं चहाचा कप पायरीवर ठेवला. पटलं की नाही ते तिलाच ठाऊक, मी पुन्हा सांगितलं नाही. पंचा ओला करून त्या तीन रेघा पुसल्या. मग चाक तसंच ढकलत परत नेलं आणि ट्रकमध्ये होतं त्या जागी ठेवलं, कारण ते माझं नव्हतं. पिशवी घेतली आणि स्टेशनच्या रस्त्याला लागलो.