दिगूने वाचवलेला वेळ

"भाऊजी, हे उठून न्हाई राह्यले," एवढंच सुमनवहिनी फोनवर बोलल्या. त्यांचा नवरा दिगंबर, माझा शाळेपासूनचा मित्र आणि मंठ्यातल्या आमच्या डाळमिलचा भागीदार, झोपेतच गेला. छातीत कळा यायच्या म्हणून डॉक्टरांनी जालन्याला तपासणी सांगितली होती. "तुरीचा हंगाम होऊ दे, मंग जातो," हे त्याचं पालुपद. तो गेला त्याला महिना झाला. लोक म्हणतात, देवमाणूस गेला. असेल बुवा, मला मात्र अजून त्याचा रागच येतो.

पुण्याच्या कारखान्यातली नोकरी सोडून परतला तो डोक्यात एक खूळ घेऊनच. गादीमागच्या भिंतीवर भलामोठा कागद चिकटवून त्याने तुरीचा सगळा प्रवास काढला. ट्रक, काटा, गोदाम, तेल लावणं, वाळवण, भरडणं, परत ट्रक. प्रत्येक टप्प्याखाली काम किती वेळ आणि नुसतं थांबणं किती वेळ, ते लिहिलेलं. काम तासांचं, मुक्काम दिवसांचा. "शेठ, तूर आपल्याकडं कामाला येऊन राह्यली का मुक्कामाला?" मी चिडलो. त्यातून त्याचा डोळा माझ्या आजोबांनी बसवलेल्या वजनकाट्यावर. आजोबांना बसल्या जागी वजन दिसावं म्हणून काटा गादीसमोर. त्यापायी प्रत्येक पोतं फाटकातून काट्यावर आणि परत अख्खं आवार ओलांडून फाटकाजवळच्या गोदामात. "आजोबा जाऊन जमाना झाला, पोते अजून दर्शनाला येऊन राह्यले!" दोन आठवडे मी अबोला धरला. मग त्याने मला दिवसभर हमालांच्या मागे चालायला लावलं. संध्याकाळी पायांचे तुकडे पडले… दुसऱ्या दिवशी काटा फाटकाजवळ गेला.

थांबलेलं पोतं दिसलं की हा कासावीस. आणि स्वतः? एकदा मी त्याला कागदापाशी नेऊन विचारलं, "तुझं जालन्याला न जाणं यात कुठं लिहायचं?"

हसला. "माणसाचं अन् पोत्याचं बराबर असतंय का? हंगामात मी गेलो तर मिल अडून राहील."

कपाळ माझं! मिल अडू नये म्हणूनच तर ही सगळी उठाठेव केली होती ना त्याने? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी हाताला धरून त्याला गाडीत बसवायला हवं होतं. बसवलं नाही. यातला अर्धा राग माझ्यावरच आहे, ते कळतं मला.

हंगाम अजून चालूच आहे. मिल कुठेही अडलेली नाही. दिवेलागणीपर्यंत चालणारं काम आता दुपारीच आटोपतं, हमाल हातपाय धुऊन घरी जातात आणि मी गादीवर रिकामा बसून राहतो. इतका वेळ उरतो, दिगू, की जालन्याला जाऊन, तपासून घेऊन, रात्रीच्या जेवणाला परत येता आलं असतं… रोज.